दुसऱ्याची चाल

शिवांगीने आपल्या पत्त्यांवर तळहात पालथा घातला आणि म्हणाली, “अंकल, मेरी चाल मुझे चलने दीजिए न. गलत ही सही.” एवढंच. आवाज चढला नव्हता, कपाळाला आठी नव्हती. उलट बोलता बोलता दुसऱ्या हाताने तिने शेंगदाण्यांची पुडी त्याच्याकडे सरकवलीसुद्धा, घरच्या म्हाताऱ्याची समजूत काढतात तशी. पण हरिहर वझेचं बोट तिच्या पत्त्यांच्या दिशेने निघालेलं होतं, ते मधल्या मध्ये हवेत राहिलं, आणि ते परत कसं आणायचं हे त्याला सुचेना. हे काही साधंसुधं बोट नव्हतं. रेल्वेच्या इंजिनियरकीत ते नकाशावर जिथे टेकलं तिथे रूळ पडले होते, टेकड्यांनी अंग चोरून घेतलं होतं, आणि एकदा तर म्हणे एका नदीने त्या बोटाकडे पाहून आपलं वळण निमूटपणे पुढच्या गावाला नेलं होतं. निदान निवृत्तीच्या समारंभात हार घालता घालता कुणी तरी तसं सांगितलं होतं आणि हरिहरने ते खोडून काढलं नव्हतं. असं ते बोट आता लखनौच्या निशातगंजातल्या एका स्टेशनरीच्या दुकानावरच्या माडीत, रविवारच्या दुपारी, कॉफीच्या चार मगांच्या वर, एका पोरीच्या पालथ्या हातापुढे थांबलं होतं. त्याने ते हळूच वळवून चष्म्यावर नेलं. चष्मा जागच्या जागी होता. तो उगीचच वर सरकवला. कुणाच्या काही लक्षात आलं नाही. यशने फासा पँटला पुसला, सुजयने मोबाइल उलटा ठेवला, आणि खाली रस्त्यावर ई-रिक्षावाल्याने “पॉलिटेक्निक, चिनहट, चिनहट” अशी आरोळी दिली.

पटावर एक आगगाडी बर्फात अडकलेली होती. चौघांनी मिळून कोळसा संपायच्या आत ती शेवटच्या स्टेशनात न्यायची. कुणाकडे फावडी, कुणाकडे कोळसा, कुणाकडे सांधे बदलायचे पत्ते. प्रत्येकाचे पत्ते वेगळे, प्रत्येकाची पाळी वेगळी, पण गाडी सगळ्यांची एकच. पोचली तर सगळे जिंकले, अडकली तर सगळे हरले. हरवायला समोर माणूसच नाही असला खेळ हरिहरने जन्मात पाहिला नव्हता. त्याच्या घरी, चाळीसगावला, खेळ म्हणजे समोरच्याला रडवायचं. त्याचे वडील झब्बू असा आपटायचे की शेजारच्यांची मांजर वेळेआधी बाळंत व्हायची. इथे सगळे एका बाजूला आणि बर्फ दुसऱ्या बाजूला. पहिल्या रविवारी यशने नियम समजावून सांगितले तेव्हा हरिहरला मनातल्या मनात हसूच आलं होतं. अडकलेली गाडी! ह्या पोरांना काय ठाऊक अडकलेली गाडी म्हणजे काय ते. त्याने त्यांना धुक्यात हरवलेल्या मालगाडीची गोष्ट सांगितली. कशी ती बाराबंकीच्या पुढे आठवडाभर सापडलीच नाही, आणि धुकं उठलं तेव्हा गावातल्या बायकांनी तिच्या डब्यांवर गोधड्या वाळत घातलेल्या होत्या आणि गार्डाचं लग्न ठरलेलं होतं. पोरं हसून हसून आडवी झाली. मग खेळ सुरू झाला, आणि हरिहरने तीन चाली पाहिल्या आणि चौथ्या चालीपासून कारभार हातात घेतला. “यश, तू फावडा इधर लगा. सुजय, कोयला रोक के रख. शिवांगी बेटा, वो नहीं, वो बीच वाला पत्ता.” गाडी सुटली ती थेट स्टेशनात. यश टाळ्या वाजवत म्हणाला, “अंकल, आप तो पूरे कंट्रोल रूम हैं!” सुजय हा एअरफोर्समधल्या कदमांचा मुलगा, त्याला मराठी सगळं कळायचं पण जिभेवर हिंदीच यायची, तो म्हणाला, “आज से आप कंट्रोल काका.” ते नाव हरिहरने मिठाईच्या पुड्यासारखं जपून घरी नेलं होतं. त्यानंतर रविवारमागून रविवार गाडी स्टेशनात पोचत राहिली. टाळ्या मात्र दर रविवारी थोड्या थोड्या कमी होत गेल्या. हे त्याच्या कानांना केव्हाच कळलं होतं. त्याला स्वतःला आत्ता कळत होतं.

तो इथे काही करमणुकीला येत नव्हता. अरुणासाठी येत होता. गेल्या श्रावणात अरुणाला, त्याच्या बायकोला, झटका आला; उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. अंग थोडंफार परतलं, काठी धरून बाथरूमपर्यंत जाण्याइतकं. बोलणं परतलं नाही. तोंड उघडायचं, ओठ एखाद्या शब्दाचा आकार धरायचे, “ते... ते...” एवढं यायचं आणि मग तिचे डोळे त्या न आलेल्या शब्दाच्या पाठोपाठ खोलीभर फिरायचे, हातातून निसटलेलं मांजराचं पिल्लू शोधावं तसे. स्पीच थेरपिस्ट मुलगी होती, तिने त्याला बाहेर बोलावून सांगितलं होतं, “वझे साहब, शब्द आंटी के अंदर हैं, रास्ता टूट गया है. नया रास्ता बन सकता है, मगर चलना उन्हीं को पड़ेगा. शुरू के महीनों में जितना हो जाए, हो जाए. बाद में मुश्किल है.” तुटलेला मार्ग म्हटल्यावर हरिहरला धीर आला. तुटलेल्या मार्गांवरच तर त्याने पगार खाल्ला होता. “बारी वाले खेल खेलिए,” ती म्हणाली, “और उनकी बारी आए तो बस रुकिए. आप सब पहले से ला देते हैं, तो उन्हें माँगने की ज़रूरत ही नहीं पड़ती.” ह्यातलं पहिलं वाक्य हरिहरने कचेरीतला हुकूम घ्यावा तसं घेतलं आणि दुसरं ऐकलंच नाही. संपदाला, मुलीला, त्याने फोन लावला. ती बंगळुरात, जन्म लखनौचा, त्यामुळे बापाच्या मराठीला उत्तर हिंदीतच. “बाबा, लखनऊ में भी बोर्ड गेम वालों का ग्रुप है, हर संडे मिलते हैं. आप जॉइन कर लो. नए नए गेम सीखोगे.” तो म्हणाला, “अगं, मी काय ह्या वयात पोरांबरोबर सोंगट्या हलवत बसू?” “हाँ तो? आई के लिए सीखना है न?” आईसाठी म्हटल्यावर विषय संपला. हरिहर दर रविवारी एक खेळ शिकून घरी आणायचा आणि आठवडाभर अरुणापुढे मांडायचा. तिची पाळी आली की थांबायचा. म्हणजे त्याला वाटायचं आपण थांबतो. प्रत्यक्षात तिची बोटं पांघरुणातून निघून सोंगटीपर्यंत पोचायच्या आत तिच्या सोंगटीचा पुढचा सगळा प्रवास त्याच्या डोक्यात होऊन गेलेला असायचा, मग तो तिचा हात आपल्या हातात घेऊन फासा टाकायचा, तिची सोंगटी चालवायचा आणि “वा! जिंकलीस की गं!” म्हणायचा. अरुणा रोज संध्याकाळी जिंकत होती, आणि रोज संध्याकाळी थोडी थोडी विझत होती.

“बुरा मत मानिएगा, अंकल,” शिवांगी म्हणत होती. तिचा हात अजून पत्त्यांवरच होता. “हम जीत तो रहे हैं, पर खेल तो आप अकेले रहे हैं.” “सच में, काका,” सुजय म्हणाला, “पिछले संडे मैंने क्या किया? आपके पत्ते पकड़ के बैठा था. खूँटी समझ लीजिए मुझे.” सगळे हसले. हरिहरही हसला, हसताना आपली कवळी थोडी सैल आहे हे त्याला जाणवलं. “अरे, चलो, चलो. अपनी अपनी चाल,” तो म्हणाला आणि त्याने उजवा हात मांडीखाली दाबून ठेवला. पुढचा अर्धा तास त्याच्या आयुष्यातल्या कुठल्याही पुराहून मोठा होता. शिवांगीने इंजिन बाजूच्या रुळावर नेलं. तो रूळ पुढे बर्फात बंद होता, हे एखाद्या आंधळ्या गँगमनलाही वासावरून कळलं असतं. त्याच्या घशाशी शब्द आले, त्याने ते कॉफीबरोबर गिळले. सुजयने कोळसा उधळला. यशने फावडी भलत्याच डब्याला लावली. हरिहरच्या मांडीखाली हात मेला, मुंग्या खांद्यापर्यंत चढल्या, कानाच्या पाळ्या तापल्या. समोर गाडी डोळ्यांदेखत मरत होती आणि ती वाचवायची चाल त्याच्या टाळूला चिकटून बसली होती. तोंडात असलेला शब्द बाहेर न येऊ देणं म्हणजे काय, ते त्याला पहिल्यांदाच शरीराने कळत होतं. हे असं होतं होय? हे असं, दिवसभर? कोळसा संपला. यशने कोळशाची शेवटची चकती उलटी केली, गाडी बर्फात कायमची थांबली, आणि माडीवर असा गदारोळ उठला की खाली स्टेशनरीवाल्याला वाटलं असणार, वर कुणाचं तरी लग्न लागलं. “यार, क्या मस्त हारे!” “ये बाजू वाली पटरी किसका आइडिया था?” “मेरा! मेरा!” शिवांगी छातीवर हात मारून ओरडत होती, “खानदानी गधी हूँ मैं!” तिचे गाल लाल झाले होते. यश टेबलावर डोकं ठेवून हसत होता. इतक्या रविवारांत ह्या तिघांचे चेहरे असे उजळलेले हरिहरने पाहिले नव्हते. ते हरले होते. आपल्या स्वतःच्या चुकांनी, स्वतःच्या हातांनी हरले होते, आणि त्यांना कुणी तरी काही तरी परत दिल्यासारखं झालं होतं.

“अंकल, एक और?” त्याने मान हलवली. “नहीं, आंटी राह देखती होंगी.” यश जिन्यापर्यंत आला. त्याने एक चपटा खोका पिशवीत घालून दिला. “आंटी के लिए. बच्चों वाला है, पर प्यारा है. लकड़ी का पेड़, लकड़ी की चिड़ियाँ, रंग वाला पासा. जो रंग आए, उस रंग की चिड़िया उसी रंग की डाल पर. बस.” मग म्हणाला, “अगले संडे आइएगा, ज़रूर आइएगा.” जिना उतरताना हरिहर त्या ‘ज़रूर’चा विचार करत राहिला. लखनौत उभी हयात गेली तरी त्याला हे कोडं सुटलं नव्हतं. इथली माणसं ‘या’ म्हणतानाही तितकीच वाकतात आणि ‘जा’ म्हणतानाही तितकीच. खाली उतरल्यावर त्याने मागे वळून पाहिलं. माडीच्या खिडकीच्या काचेवर आतून वाफ धरली होती आणि आत पुन्हा कुणी तरी मोठ्याने हसलं. तो आता त्यांच्यात नसल्यामुळे ते हसू किती मोकळं झालं होतं, हे मोजायला त्याला कुठलंही यंत्र लागलं नाही.

ई-रिक्षात चिनहटच्या बाजूला तोंड करून तो बसला. दुपार कलली नव्हती, पण ऊन धुक्यातून गाळून येत होतं, आजाऱ्याला द्यायच्या पेजेसारखं. शेजारी एका बाईच्या मांडीवर मुळ्यांची जुडी होती, समोर एक मुलगा तोंडाला मफलर गुंडाळून झोपला होता, आणि रिक्षा प्रत्येक खड्ड्यात अशी बसत होती की खड्ड्यांचे आणि तिचे जुने घरोब्याचे संबंध असावेत. पिशवीतली लाकडी पाखरं आपसात खडखडत होती. हरिहरला अमीनाबाद आठवलं. का, ते कळलं नाही. आठवलं एवढं खरं. लग्न होऊन अरुणा नुकती लखनौला आलेली. तिथल्या बाजारात कापडाच्या दुकानात गादीवर तागेच्या तागे उलगडलेले, गल्लीत सायकलरिक्षांच्या घंटा, आणि अरुणाचं हिंदी म्हणजे मराठीलाच ओढणी पांघरलेली. दुकानदार अत्तर लावलेला, दाढीवाला, फार अदबीचा. “फरमाइए, दुल्हन साहिबा.” अरुणाने एका फिरोजी ताग्याकडे बोट केलं आणि म्हणाली, “वो... वो वाला जो है ना...” ती शब्द शोधत होती. दुकानदाराला घाई नव्हती. लखनौला कधीच नसते. घाई हरिहरला होती. “बादामी दिखाइए,” तो म्हणाला, “सादा, बादामी. फिरोजी चार धुलाई में उतर जाता है.” बादामी आला, कापला गेला, बांधला गेला. पुढे घरी कपाट भरत गेलं तसं ते बादामीच भरत गेलं, साड्या, शाली, स्वेटर, एकदा तर संपदाने आईला पर्स आणली तीही बादामी, आणि म्हणाली, “आई का तो फेवरेट कलर है न?” अरुणा तेव्हा हसली होती. हरिहरला आता ते हसू आठवत होतं आणि त्याचा अर्थ लागत नव्हता. खरं म्हणजे लागत होता. रिक्षा आचका देऊन थांबली, बाई मुळे सावरत उतरली, गार वाऱ्याची एक पट्टी त्याच्या मानेवरून फिरली.

आणि अमीनाबादच्या मागून जे यायचं, ते आलंच. तो ते रोज दारातून परत पाठवायचा; आज दार उघडंच राहिलं होतं. ती श्रावणातली सकाळ. तो पेपर वाचत होता, ती दारात येऊन उभी राहिली. चौकटीला हात लावून. “अहो,” ती म्हणाली, “मला ना...” आणि थांबली. तेवढंच. तिच्या आयुष्यातल्या शेवटच्या धड वाक्याचे ते पहिले दोन शब्द होते, हे तेव्हा कुणाला माहीत असायला हवं होतं? तो पेपरमधून मान न काढता म्हणाला होता, “हो, हो, दूधवाल्याला सांगतो. काल पाणीच घातलं होतं त्याने.” ती थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग आत गेली. मग आतून भांडं पडल्याचा आवाज आला. मला ना. मला ना काय? मला ना बरं वाटत नाहीये. मला ना चक्कर येतेय. मला ना कंटाळा आलाय तुमचा. मला ना एकदा घरी जाऊन यायचंय. हरिहरने त्या वाक्याचे शेवट इतके लावून पाहिले होते की ते सगळे रुळांसारखे मांडले असते तर एक फाटा दिल्लीला आणि एक हावड्याला पोचला असता. पण गाडी एकावरही येत नव्हती. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे त्या वाक्याचा शेवट लावायची त्याची सवय अजून सुटलेली नव्हती. तिने तो कधी सांगितलाच, तर तो आधीच त्याला माहीत असल्यासारखं तो “हो, हो” म्हणेल, अशी त्याला स्वतःची खात्री होती. त्या थेरपिस्ट मुलीने म्हटलं होतं, शुरू के महीने. श्रावण, भाद्रपद... त्याने मोजणं सोडून दिलं. जेवढं व्हायचं तेवढं ह्याच थंडीत व्हायचं होतं, आणि ते त्याच्या थांबण्यावर होतं. दुसऱ्या कशावर असतं तर त्याने करून दाखवलं असतं.

फ्लॅटचं दार लोटलेलंच होतं. बूट काढताना त्याला स्वयंपाकघराच्या बाजूने रामदुलारीचा आवाज आला, दिवसभर अरुणाजवळ राहणाऱ्या बाईचा. ती फोनवर कुणाशी तरी सुनेची निंदा करत होती. अरुणा जेवणाच्या टेबलाशी एकटी बसली होती, पाठमोरी. डाव्या हाताने खिचडी खात होती. चमचा वाटीवर आपटत होता, अर्धी खिचडी टेबलावर, शितं हनुवटीला, पण चमचा जात होता, येत होता, आणि मध्येच ती नाकातून काही तरी गुणगुणल्यासारखा आवाज करत होती. हरिहर दारातच उभा राहिला. श्वाससुद्धा बेताने घेतला. मग त्याच्या पिशवीतली पाखरं खडखडली. अरुणाने मान वळवून पाहिलं. तिने चमचा खाली ठेवला, आणि हात मांडीवर घेतला, आणि तोंड थोडं उघडं ठेवून, कवळ भरवायची वाट पाहत बसली.

दुसऱ्या दिवशी धुकं लवकर फाटलं. जेवणं झाल्यावर त्याने बाल्कनीत उन्हात तिची खुर्ची लावली, अंगावर शाल घातली, मधे स्टूल ठेवलं आणि त्यावर ते लाकडी झाड उभं केलं. रात्रभर त्याने स्वतःला बजावलं होतं. त्याच्या आयुष्यातली ही एकच चाल होती आणि ती म्हणजे चाल न करणं. “हे बघ,” तो म्हणाला, “फासा टाकायचा. जो रंग येईल त्या रंगाचं पाखरू त्याच रंगाच्या फांदीवर. मी सांगणार नाही हं. मी गप्प.” त्याने आपली पाळी केली. पिवळा आला, पिवळं पाखरू पिवळ्या फांदीवर बसलं. मग त्याने फासा तिच्यापुढे ठेवला आणि दोन्ही हात काखेत घेऊन बसला. अरुणाने त्याच्याकडे पाहिलं. तो गप्प. तिने त्याच्या हातांकडे पाहिलं. ते आज तिच्याकडे का येत नाहीत, असं काही तरी. समोरच्या इमारतीत कुणी तरी गादी झोडपत होतं. खाली मटारवाला ओरडत गेला. रामदुलारी पडद्याआडून म्हणाली, “बाबूजी, माताजी को सुला दें?” त्याने मान हलवून तिला परत पाठवलं. ऊन स्टुलावरून अरुणाच्या पायांवर आलं. त्याची मान अवघडली, डोळ्यांत पाणी आलं, तिच्या जागी फासा टाकून, पाखरू लावून, डाव जिंकून देऊन आणि तिला झोपवून झालं असतं एवढा वेळ गेला, आणि तो गप्पच राहिला.

तेव्हा शालीतून तिचा डावा हात बाहेर आला. फाशाला लागला, फासा घरंगळून स्टुलाच्या कडेला थांबला. लाल. अरुणा त्या लालकडे पाहत राहिली. ओठांनी आकार धरला, सोडला, पुन्हा धरला. “ल...” आलं एवढंच. त्याच्या छातीत काही तरी इतकं जोरात हललं की खुर्ची करकरली. तिची बोटं पाखरांच्या ढिगात शिरली, चाचपडली, दोन खाली पडली, आणि लाल पाखरू तिच्या चिमटीत आलं. तिने ते उचललं. झाडापर्यंत आणलं. झाडापाशी ते थांबलं, फांद्यांवरून फिरलं, आणि मग झाड ओलांडून पुढे आलं. अगदी सावकाश, वाकून, जीभ दातांत धरून, तिने ते त्याच्या गुडघ्यावर ठेवलं. पडत नाही असं बघून हात काढून घेतला. आणि वर त्याच्याकडे पाहिलं. डोळ्यांत श्रावणापासून नव्हतं असं काही तरी होतं. ते काय, हे ती आता सांगणार होती, तोंड उघडलं होतं.

“अगं, इथे,” हरिहर म्हणाला. त्याचा हात काखेतून केव्हा सुटला, हे त्याला कळलं नाही. पाखरू गुडघ्यावरून उचलून लाल फांदीवर नीट, चोच पुढे करून बसवून झालं तेव्हा कळलं.

अरुणाचं तोंड मिटलं. रागाने नव्हे, दुःखाने नव्हे. दुकानदार संध्याकाळी फळी लावतो तसं. तिने झाडावरच्या पाखराकडे पाहिलं, बरोबर आहे अशी मान हलवली, आणि हात शालीत घेतला.

“नाही, नाही, अरुणा, ऐक ना. तुझंच बरोबर होतं. हे बघ.” त्याने लाल पाखरू फांदीवरून काढलं आणि आपल्या गुडघ्यावर ठेवलं, तिने ठेवलं होतं तिथेच, तसंच. “हे बघ ना. अगं, काय म्हणत होतीस? ल... लाल? मला काही सांगत होतीस? अरुणा?” ती गादी झोडपणाऱ्यांच्या बाल्कनीकडे पाहत होती. तो बोलायचा थांबला. गुडघा हलू नये म्हणून त्याने पाय जमिनीला दाबून धरला आणि मांडी ताठ केली. ऊन अरुणाच्या पायांवरून गेलं, कठड्यावर गेलं, कठड्यावरून समोरच्या भिंतीवर गेलं. रामदुलारीने येऊन माताजींना उठवलं आणि काठी धरवून आत नेलं. पाखरू त्याच्या गुडघ्यावर होतं. पण आता ते त्याने ठेवलेलं होतं.